गाडीतून उतरू नका

शेन पोलार्डला झालं होतं तरी काय, ते नेड्राला कळेना. नऊ वर्षं हा माणूस तिला 'मिस नेड्रा' म्हणत आला होता, दर चार महिन्यांनी, न चुकता, टोपीच्या कडेला दोन बोटं लावून, आणि आज टोपी तीच, बोटं तीच, पण खिडकीशी वाकून म्हणतो काय, "काय तरुणी, आज काय करून देऊ तुला?" तरुणी! येत्या महिन्यात बहात्तर पुरी होणाऱ्या बाईला! बँकेतला तो गुळगुळीत पोरगा असं म्हणतो, दाताच्या दवाखान्यातला म्हणतो, दुकानात पिशव्या भरणारा म्हणतो, त्यांचं तिला काही वाटत नसे. म्हाताऱ्या कुत्रीच्या डोक्यावर येताजाता थापटी मारावी तशी ती पोरं शब्दानं थापटी मारतात आणि पुढं जातात. पण शेन त्यातला नव्हता. शेन चव्वेचाळीस वर्षांचा, गुडघे गेलेला, एकदा बायको सोडून गेलेला आणि एकदा परत आलेला असा पुरा वाढलेला पुरुष होता, आणि पुऱ्या वाढलेल्या पुरुषाला बाईचं वय दिसत नाही असं थोडंच असतं. "तरुणी घरी झोपलीय," नेड्रा म्हणाली, "मी तिची आजी. ऑईल बदल आणि चाकांतली हवा बघ." तो हसला. पण अंमळ उशिरा हसला, आणि हसताना त्याची नजर तिच्यावर नव्हती, भिंतीवर लावलेल्या कसल्याशा फळ्याकडे होती. अंगात नवा हिरवा सदरा होता, छातीवर कंपनीचा बिल्ला. हिवाळ्यात दुकान विकलं गेलं हे तिनं ऐकलं होतं. विकलेल्या दुकानाबरोबर माणसंही विकली जातात की काय, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तो तिला आवडला नाही.

गाडी तिनं हळूच पुढं घेतली, दोन्ही चाकं पिवळ्या पट्ट्यांवर नीट, मधे तो लांबट खड्डा. इंजिन बंद केलं. समोर पाटी होती: ग्राहकांनी गाडीतून उतरू नये. ही पाटी तिला पहिल्यापासून आवडायची. जगात बाकी सगळीकडे कामाला हात लावल्याशिवाय नेड्राला कुणी बसू दिलं नव्हतं; इथं बसून राहायचा हुकूमच होता. शेननं बॉनेट उचललं आणि काचेपुढं करडा पत्रा उभा राहिला, पडदा ओढावा तसा. आता फक्त आवाज. वरून शेन ओरडणार, खालून खड्ड्यातला लॉनी ओरडून उत्तर देणार, आणि दोघांच्या मधे, सीटवर, मांडीवर पर्स ठेवून ती. लॉनीचा चेहरा तिनं नऊ वर्षांत पाहिलेला नव्हता. तो तिच्या लेखी एक आवाज होता, तिच्या टाचांखाली राहणारा. "बोल्ट निघाला?" "निघाला!" "काळं आहे का रे?" "कोळसा आहे, कोळसा!" तो 'कोळसा' ऐकला की तिला दर वेळी बाप आठवायचा. केंटकीतल्या त्या दरीत बाप पहाटे डोंगराच्या पोटात शिरायचा आणि पाच-सहा वर्षांच्या नेड्राला वाटायचं, तो आत आत चालत येऊन आता आपल्या स्वयंपाकघराच्या खालीच कुठंतरी पोचला असणार. आई बिस्किटं लाटायची आणि नेड्रा जमिनीच्या फळीला कान लावून पडायची. "काय ऐकतेस गं?" "बाबा शिंकला." "दे त्याला सांगून, येताना मीठ आण." आई तशी होती. आई आजारी पडली तेव्हा नेड्रा आठवीत होती. चार भाऊ खायला मागत होते, शाळा सुटली ती सुटलीच, आणि पुढं अठराव्या वर्षी ती डोंगर ओलांडून इकडं ओहायोत, हॅमिल्टनला, कागदाच्या गिरणीत आली. नवरा इथंच मिळाला आणि इथंच हरवला. गाड्यांबद्दल त्याला एवढंच ज्ञान होतं की त्यात बसून निघून जाता येतं. गाडीचं बाकी सगळं नेड्रा स्वतः शिकली, अंगणात, पाठीवर पडून, कोपरापर्यंत काळी होऊन. ऑईलसुद्धा तीच बदलायची, खुब्यानं दगा देईपर्यंत.

म्हणून तर ती शेनकडं आली. पहिल्याच दिवशी तिनं त्याला सांगून टाकलं होतं, "ऑईल तुझं. एअर फिल्टर माझा. त्याच्या डब्याला हात लावायचा नाही, ते काम मला अजून येतं." "जशी आज्ञा, मिस नेड्रा." ऑईल गळायला सहा-सात मिनिटं लागतात, त्या सहा-सात मिनिटांत तो तिच्या दाराशी उकिडवा बसायचा, गुडघे कुरकुरायचे, आणि बोलायचा. सहा-सात मिनिटं, वर्षातून तीनदा, नऊ वर्षं. एवढ्या वेळात लोकांची लग्नं ठरतात. बायको गेली ते त्यानं इथंच सांगितलं. त्याची आई विसरायला लागली तेही इथंच. आईनं बूट ओव्हनमध्ये ठेवले, आई त्याला मामाच्या नावानं हाक मारते, आईनं त्याला घरात घेतलं नाही, पोलिसांना फोन केला की दारात कुणी परका उभा आहे. ते सांगताना तो हात पुसायच्या फडक्यानं तोंड पुसत राहिला होता, आणि गालावर काळे फराटे उठले होते, आणि नेड्रानं पर्समधला रुमाल काढून खिडकीतून हात घालून ते पुसले होते. स्वतःच्या लेकीचं तोंड तिनं इतक्या मायेनं कधी पुसलं असेल की नाही, देव जाणे. टोनियाचं तोंड पुसायला गेलं की ती म्हणायची, माझं मी पुसते. तिच्यावरच गेलेली.

आणि म्हणूनच नोव्हेंबरात, जे टोनियालाही सांगितलं नव्हतं ते तिनं शेनला सांगितलं. शेगडी चालू राहिली. नुसती चालू राहिली नाही, वर घेवड्याचं भांडं ठेवून नेड्रा बाजारात गेली, आणि परत आली तेव्हा घरभर धूर आणि भांड्याचा तळ लाल. "कुणाच्या हातून होत नाही ते, मिस नेड्रा," तो म्हणाला होता. "माझ्या हातून होत नाही," ती म्हणाली होती, आणि ती घाबरलीय हे त्याला न सांगता कळलं होतं. मग जानेवारीत ती रविवारचे कपडे घालून चर्चला गेली आणि दाराला कुलूप, शनिवार होता. हे मात्र लपलं नाही, पाद्रीबाईनं फोन केला, टोनिया दीडशे मैलांवरून गाडी हाणत आली, स्वयंपाकघरात उभी राहून तिनं शेगडीचंही काढून घेतलं. आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. "आई, डॉक्टरची तारीख घेते, मिळेल त्या दिवशी जाऊ. तोवर मी किल्ल्या मागत नाही. पण तू मला एक शब्द दे. आणखी काही झालं तर लपवायचं नाही. तिसरं काही झालं, तर किल्ल्या माझ्या आणि तू माझ्याकडं." नेड्रानं शब्द दिला. तिच्या घरात शब्द म्हणजे काही लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड नव्हतं. सात आठवडे ती स्वतःच्या घरात चोरपावलांनी वावरली. शेगडीला हात लावून बघ, कॅलेंडरवर बोट ठेवून बघ. तिसरं काही झालं नाही. तारीख आता परवावर आली होती, गुरुवार, सकाळी साडेनऊ. डॉक्टरकडं चकचकीत गाडीनं, ताज्या ऑईलनं, स्वतः चालवत जायचं, म्हणून तर ती आज इथं आली होती.

"बघ बरं, तरुणी." शेन खिडकीशी आला होता. हातात पुठ्ठ्याच्या तबकावर एक एअर फिल्टर, काळाकुट्ट, घड्याघड्यांत वाळकी पानं, एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडून केलेला कापसाचा गोळा. "हा तुझा. आत्ता काढला. यातून ती बिचारी गाडी श्वास घेतेय."

"माझा नाही," नेड्रा म्हणाली.

"आता काढला ना तुझ्यादेखत."

"माझ्यादेखत पत्रा उभा होता. आणि त्या डब्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय मी तुला. ऑक्टोबरात नवा घातलाय. मी. माझ्या हातानं."

शेननं इकडं तिकडं पाहिलं. मग तो खाली वाकला, गुडघे कुरकुरले, आवाज एकदम मऊ झाला, इतका मऊ की तिच्या अंगावर काटा आला, आणि आजच्या दिवसात पहिल्यांदा तो म्हणाला, "मिस नेड्रा. होतं असं. तुम्हीच सांगितलं होतंत ना मला, नोव्हेंबरात, शेगडीचं? माझी आईसुद्धा सुरुवातीला अशीच, करायचं मनात यायचं आणि केलं असं वाटायचं." आणि त्यानं दारावर, तिच्या कोपराशेजारी, हात ठेवला. "नवा घालून टाकतो. नका विचार करू."

जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं नेड्राला झालं. करायचं मनात यायचं आणि केलं असं वाटायचं. तिनं डोळे मिटले आणि ऑक्टोबर शोधायला लागली. ऑक्टोबर होता. लख्ख होता. गॅरेजचं दार वर केलेलं, शेजारचा एर्ल तो पानं उडवायचा पंखा घेऊन भुणभुण करत होता, आत शेगडीवर सफरचंदं घोटायला ठेवली होती, जाम व्हायला, लवंग-दालचिनीचा वास थेट गाडीपर्यंत येत होता, आणि तिच्या बोटांना चिकट साखर होती, म्हणून फिल्टरच्या खोक्याचा कागद बोटांना चिकटला आणि तिनं तो दातांनी सोडवला. कागदाची चवसुद्धा आठवली. मग? खरंच होतं की. पण सफरचंदं ती दर ऑक्टोबरात घोटते. एर्ल दर ऑक्टोबरात भुणभुण करतो. आठवण खरी होती, तिच्यात कुठं भोक नव्हतं. पण तिच्यावर साल लिहिलेलं नव्हतं. हा गेलेला ऑक्टोबर, की त्याच्या आधीचा, की त्याच्याही आधीचा, जेव्हा ती अजून धडधाकट होती आणि दिवसांना एकमेकांत मिसळायची परवानगी नव्हती? तिनं त्या आठवणीला आतून सगळीकडून चाचपलं, अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपावी तशी, आणि बटण काही सापडेना. टोनियाला सांगितलं होतं का, फिल्टर बदलला म्हणून? सांगितलं होतं, फुशारकी मारली होती. पण फुशारकी ती दर वर्षी मारते. शेनच्या आईनं पोलिसांना सांगितलं होतं, हा माझा मुलगा नाही, आणि तीही असंच छाती ठोकून, असंच डोळ्यांत बघून म्हणाली असणार. खोटं वाटत असतं तर तिनं फोन केला असता का? विसरणाऱ्या माणसाला आपण विसरलो हे आतून कसं कळणार. आतून तर सगळं जागच्या जागीच दिसत असणार, चादरी घड्या घातलेल्या, भांडी मांडलेली. म्हणजे हे असं असतं तर. कळ नाही, चक्कर नाही. एक माणूस मऊ आवाजात सांगतो आणि तू गप्प बसतेस.

तिसरं. शब्द दिलेला. गुरुवारी टोनिया विचारणार, आणखी काही? आणि नेड्रा खोटं बोलणार नाही. मग किल्ल्या. मग टोनियाच्या घरातली ती मागची खोली, गालिचा, फुलांचा पडदा, जावयाचं 'काही हवंय का, आई', आणि तरुणी, तरुणी, तरुणी, सकाळ-संध्याकाळ. नाही म्हणायचं असतं तर सोपं होतं. नको फिल्टर, म्हणायचं, आणि निघून जायचं. पण नको म्हणून तो फिल्टर आपला होता की नव्हता ते कळणार नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय गुरुवार येऊन चालणार नव्हतं. डबा उघडून बघायचा. बस्स. डबा रिकामा असला तर तो खरा आणि ती गेली. तिला एकदम इतकी भीती वाटली की वाटलं, नको, बसून राहावं. पाटीच आहे तशी. उतरू नका. बसून राहिलं की माणूस कधी चुकत नाही.

तिनं दार उघडलं.

"मिस नेड्रा! नाही, नाही, उतरायचं नाही, खड्डा आहे—"

"खड्डा मला दिसतोय. माझ्या बापानं याच्यापेक्षा मोठे पाहिलेत."

"विम्याचा प्रश्न येतो हो! लॉनी, सांभाळ!"

"शेन," खालून लॉनीचा आवाज आला, "हे पांढरे बूट कुणाचे? कंपनीची बाई आली का?"

"कंपनीची नाही," नेड्रा खड्ड्याकडं वाकून म्हणाली, "नऊ वर्षं तुझ्या डोक्यावर बसणारी आहे. डोकं आत घे, नाहीतर पाय पडेल." आणि लॉनी, ज्याला तिनं मनातल्या मनात आडदांड, दाढीवाला ठरवून टाकलं होतं, तो एक बारका, चष्मेवाला, तिच्याच वयाचा म्हातारा निघाला, त्यानं मुकाट्यानं डोकं आत घेतलं.

एक हात गाडीच्या अंगावर ठेवून, पिवळ्या पट्टीवरून, खुबा ठणकत असताना ती पुढं गेली. शेन तिच्या मागून येत होता, बोलत होता, मग बोलायचा थांबला. बॉनेटखाली सगळं ओळखीचं होतं. तिला वाटलं होतं, हेही परकं दिसेल. डबा बंद होता. दोन्ही चिमटे लावलेले, आणि चिमट्यांवर सारख्या थराची धूळ, कुणाच्या बोटाचा ठसा नाही. खरं तर तिथंच कळायला हवं होतं, पण तिची नजर धुळीवर ठरेचना, हात पुढं गेला. डावा चिमटा जरा वाकडा आहे, आधी आत दाबून मग वर उचलावा लागतो; हे तिला आठवलं नाही, अंगठ्याला आठवलं. टक. टक. झाकण वर केलं.

फिल्टर पांढरा होता. अगदी पांढरा नाही, पाच महिन्यांच्या रस्त्यानं जरा पिवळटलेला, उशीच्या अभ्र्यासारखा. आणि कडेच्या रबरावर, जाड काळ्या पेनानं, तिरप्या, एकमेकांवर पडणाऱ्या अक्षरांत, महिना लिहिलेला होता आणि पुढं साल. साल गेल्या वर्षीचंच. महिन्याच्या इंग्रजी नावात मधोमध, 'सी'च्या पाठोपाठ, जिथं काही कारण नाही तिथं, एक जादा 'के' घुसवलेला. ऑक्टोबर तिला आयुष्यात कधी नीट लिहिता आला नाही. गिरणीत हजेरीच्या तक्त्यावर तो के दिसला की कारकून पोरी एकमेकींना कोपर मारायच्या. टोनिया शाळेत असताना तिच्या रजेच्या चिठ्ठीवर बाईंनी त्या केभोवती लाल गोल काढून चिठ्ठी परत पाठवली होती, आणि आठवीतून उठलेल्या नेड्रानं तो लाल गोल रात्रभर उशाखाली घेऊन झोपावं तशी लाज बाळगली होती. तेव्हापासून ती महिने आकड्यांत लिहायची, कुणाला दिसणार असेल तर. हे कुणाला दिसणार नव्हतं म्हणून अक्षरांत लिहिलं. जगात एवढी माणसं आहेत, कुणी आपल्या ऑक्टोबरात असा के घातला नसता. बाई, ही तूच, ती स्वतःला म्हणाली, ही तूच आहेस, सगळीच्या सगळी. आणि तिला त्या 'के'ला बोटानं एकदा कुरवाळावंसं वाटलं, आणि तिनं कुरवाळलंही.

मागं शेन उभा होता. तबक अजून हातातच होतं आणि ते कुठं ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं. "तो भिंतीवरचा फळा बघितलात?" तो म्हणाला. "कुणी किती फिल्टर खपवले ते लिहितात. माझं नाव तीन आठवडे खाली आहे. हा एक शेल्फावर ठेवून दिलाय, सगळ्यांना हाच दाखवतो. तुम्हाला दाखवायचा नव्हता, मिस नेड्रा. शपथ. सवयीनं हातात आला."

"आणि तरुणी? तेही फळ्यावर आहे का?"

"ते शिकवलंय. दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. म्हाताऱ्या बायकांना आवडतं म्हणाले."

नेड्राला हसू आलं. तिनं ते आल्या वाटेनं परत पाठवलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. केस विरळ झाले होते गेल्या वेळेपासून. हिरवा सदरा त्याला पोटावर घट्ट होत होता, आणि कुणी त्याला एक माप मोठा द्यायचं मनावर घेतलं नव्हतं. तिला त्याची दया आली, आणि दयेबरोबर जुनी मायाही आली, ती कुठं जाणार होती, नऊ वर्षांची होती. चुकीला लाजणारा माणूस अजून चांगला असतो. 'जाऊ दे' हे शब्द जिभेवर आलेच होते. एवढ्याचं काय, म्हणायचं, आणि गाडीत बसायचं. पण तिची बोटं अजून डब्याची कडा सोडत नव्हती. त्या खिडकीत, त्या चार मिनिटांत, जे झालं होतं त्याला 'जाऊ दे' म्हटलं तर ते कुठं जाणार होतं? ते तिच्यातच राहिलं असतं. तिनं आजवर कुणालाही, नवऱ्याला नाही, टोनियाला नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही, एक गोष्ट कबूल केली नव्हती. तिनं झाकण बसवलं, दोन्ही चिमटे लावले, हात फडक्याला पुसले आणि वळून त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"शेन, सवयीनं हातात आला तो फिल्टर," ती म्हणाली. "माझी शेगडी सवयीनं आली नाही, ती तू आठवून काढलीस. लबाडी मी तुला माफ केली, पोटासाठी माणूस करतो, मीही केलीय. तरुणीही माफ. पण मी घाबरले, शेन. मी खरंच घाबरले, आणि मी घाबरते हे जगात फक्त तुला माहीत होतं. ते माफ नाही. आता ऑईल घाल."